थावरू मिस्त्रींचा कान

थावरू मिस्त्रींना मागून हाक मारायची नाही, हे मला त्यांच्याकडे जायच्या आधीच तिघाचौघांनी बजावलं होतं. समोर जाऊन उभं राहायचं, ते मान वर करतील तेव्हा बोलायचं, आणि इंजिन सुरू असेल तर अजिबात तोंड उघडायचं नाही. पुसदहून महागावकडे येताना रस्त्याला लागून एक तांडा आहे. त्याच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली, त्यांची टिनाची शेड होती. जुन्या बुलेटचं इंजिन खोलून परत बसवणारा असा माणूस आजूबाजूच्या तालुक्यांत दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. मिस्त्री स्वतः तर जिल्ह्याच्या खाली बोलतच नसत.

माझे वडील गुरांचे डॉक्टर. त्यांची बुलेट जुन्या घाटाची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. ते गेल्यावर ती गोठ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि पुढे तिच्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. माझं महागावात औषधांचं दुकान आहे. एक दिवस भंगारवाला दुकानात येऊन, गिऱ्हाइकांसमोर, ‘ताई, थे डब्बा देऊन टाकता का’ असं विचारून गेला, तेव्हा माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी छोट्या टेम्पोत घालून गाडी मिस्त्रींच्या शेडसमोर उतरवली.

मिस्त्री उंच आणि काटकुळे होते. पिळलेल्या मिशा, खाकी अर्धी चड्डी आणि जिकडेतिकडे खिसे शिवून घेतलेली बंडी. दुसरे मिस्त्री तंबाखू खात, हे लवंगा चघळत. त्यामुळे हातांना ऑइलचा वास आणि तोंडाला मसालेभाताचा, असं ते अजब मिश्रण होतं. बढाई मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. “दोनच इंजनं माह्या हातात आले नाही,” ते म्हणायचे, “एक रेल्वेचं अन् एक इमानाचं. आले असते तं थेही नीट बोलले असते.” हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणत, की हसणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होई.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला, आणि माझ्या वडिलांनी ही गाडी चालवली चांगली पण तिच्या पोटात काय घातलं ते कधी पाहिलं नाही, असा निकाल दिला. डॉक्टर होते म्हणता, वर पुन्हा मलाच ऐकवलं. मी काही उत्तर द्यायला गेले, तर त्यांनी पाठ फिरवली आणि कामाला लागले. असा राग आला म्हणून सांगू. पण गाडी त्यांच्याच दारात टाकायची होती, म्हणून गिळला.

ही पाठ फिरवायची सवय सगळ्या भागात गाजलेली होती. नेरच्या बाजूचा एक बडा कंत्राटदार एकदा त्याची बुलेट घेऊन आला. बरोबर चार माणसं. मिस्त्री पाठमोरे बसून काहीतरी घासत होते. कंत्राटदारानं हाक मारली, परत मारली, मग हॉर्न वाजवला. मिस्त्रींनी मान हलवली नाही. शेवटी तो तणतणत निघून गेला. पुसदच्या चहाच्या टपऱ्यांवर ही गोष्ट लोक फार चवीनं सांगायचे. मोठमोठे साहेब ज्याच्यापुढे उठून उभे राहतात, त्याच्याकडे थावरू मिस्त्रीनं ढुंकून पाहिलं नाही. मीसुद्धा ही गोष्ट दुकानात दहा जणांना सांगितली असेल, आणि दर वेळी हॉर्नची संख्या वाढवली असेल.

शेडच्या दारात सोनाबाई बसायच्या, मिस्त्रींची बायको. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर, मांडीवर सूप घेऊन. सुपात कधी तूर, कधी ज्वारी, कधी काही नाही तर शेंगदाणे. कायम निवडणं, पाखडणं चालू. लोक म्हणत, म्हातारी गल्ल्यावर लक्ष ठेवायला बसते. नवराबायको आपसात गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत, तेही थोडकंच.

इंजिन खोलायला मिस्त्रींनी जमिनीवर एक जुनी गोधडी अंथरली. जो भाग आधी निघाला तो डाव्या कोपऱ्यात, मग त्याच्या शेजारी पुढचा. पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे त्याच्या नळकांड्यात, गच्च अडकून बसला होता. त्यात तेल सोडून त्यांनी तो दोन-तीन दिवस तसाच राहू दिला, वर रोज सकाळी येऊन त्याच्यावर हात ठेवायचे. मी म्हटलं, मिस्त्री, एक हातोडा मारला असता तर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा त्या विषयाकडे गेले नाही. बोअर यवतमाळला लेथवर पाठवून घासून आणला. झडपा बसवायचं काम मात्र त्यांनी मला लावलं. झडपेला पेस्ट लावायची, काडी दोन तळहातांत धरायची आणि घुसळायची. “ताक केलं का कधी?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आमच्याकडे ताक पिशवीतून येतं. ते सोनाबाईंकडे पाहून मिशीत हसले. माझे हात भरून आले तरी त्यांनी मला उठू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर उठावंसं मलाही वाटत नव्हतं.

इंजिन जुळलं त्या दिवशी मी शेडच्या दारात, सोनाबाईंच्या शेजारी टायरवर बसले होते. आता टॅपेट लावायचे होते. इंजिनात झडपा उचलणाऱ्या दांड्या असतात, त्यांच्यात थोडी ढील ठेवावी लागते. ढील जास्त झाली तर इंजिन खडखडतं, कमी झाली तर झडप जळते. दुसरे मिस्त्री इंजिन गार असताना बोटांनी ती ढील पाहतात, ती बदलू नये म्हणून तिथलं लॉकनट आवळून झाकण लावून टाकतात. थावरू मिस्त्रींची रीत वेगळी. ते लॉकनट नुसतं बोटानं बसवत, इंजिन सुरू करून गरम होऊ देत, ऐकत, बंद करत, किंचित फिरवत, पुन्हा सुरू करत. मनासारखा आवाज आला, की मगच नटाला पान्यानं शेवटचा पीळ देत. ऐकायचं त्यांचं तंत्रही न्यारं होतं. लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावायचं आणि लाकडी मूठ कानाला नाही, दातांत धरायची. दातांत पेचकस धरून डोळे मिटलेले मिस्त्री पाहायला लोक रस्त्यावर गाड्या थांबवत.

इंजिन धडधडत होतं. मला काम काहीच नव्हतं, म्हणून मी सुपाकडे पाहत होते. सोनाबाईंची बोटं तुरीत थबकलेली होती. मिस्त्रींनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, नट फिरवलं. पुन्हा सुरू. बोटं थबकलेलीच. पुन्हा दाराकडे नजर, पुन्हा बंद. असं काही वेळा झालं. मग एकदा इंजिनचा आवाज असा एकसारखा, गोल येऊ लागला, की मलाही कळला. त्याच क्षणी सोनाबाईंनी सूप उचललं आणि तूर पाखडायला लागल्या. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, पाना घेतला, नटाला शेवटचा पीळ दिला आणि झाकण लावलं.

मी सोनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पदर तोंडापुढे ओढला. मिस्त्री हात धुवायला मागे गेले, तेव्हा त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, “बाई, कोणाले सांगू नका. त्यायले लाज वाटते.”

आयुष्यभर सायलेन्सरच्या तोंडाशी बसून त्यांचे कान गेले होते. थोडे नाही, जवळपास पूर्ण. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखत. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं ऐकायचं मशीन आणून दिलं होतं, ते पिस्टन रिंगांच्या डब्यात पडून होतं. ते लावलं तर लोकांना दिसेल ना. इंजिन सुरू असताना कोणी बोलायचं नाही हा नियम, मागून हाक न मारण्याचा दरारा, दातांतला पेचकस, नेरचा कंत्राटदार, सगळं एका क्षणात माझ्यासमोर उलटं होऊन पडलं. पेचकसातून त्यांना दातांत थरथर लागायची, तेवढंच. बाकी कान सोनाबाईंचा. मला हसू यायला हवं होतं, पण माझी मान खाली गेली. कुणाच्या घराचं दार चुकून उघडावं आणि आतला माणूस उघडा दिसावा, तसं झालं.

गाडी सुरू झाली. पहिली किक मालकानंच मारायची, ही त्यांची आणखी एक रीत. मी मारली. वडिलांचा तो आवाज तांड्यावरून घुमला आणि मला रडू आलं. मिस्त्रींनी टाकीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “बोलली का नाही?” मी मान हलवली, चांगली ठळक, त्यांना दिसेल अशी. थोडी चालवून परत आणायची, आतले भाग चालून जागी बसले की टॅपेट पुन्हा लावावे लागतात, असं त्यांनी बजावलं.

पुढे झालं असं, की जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी पुसदला एक मेळावा ठेवला. यवतमाळहून, अमरावतीहून गाड्या येणार होत्या. त्यातल्या निम्म्या गाड्यांची इंजिनं कधी ना कधी मिस्त्रींच्या गोधडीवर पसरलेली होती. म्हणून त्यांनी मिस्त्रींचा सत्कार ठरवला, शाल आणि नारळ. त्यांच्या हातची सगळ्यात ताजी गाडी म्हणून माझी बुलेट मधोमध उभी करायची होती. मिस्त्रींनी कोणाला दाखवलं नाही, पण बंडी नवी शिवून घेतली.

टॅपेट लावायला मी गाडी घेऊन गेले तर दारातलं खोकं रिकामं होतं. सोनाबाई लेकीच्या बाळंतपणाला नेरला गेल्या होत्या. मेळावा तोंडावर आलेला. मी म्हटलं, मिस्त्री, मावशी आल्यावर करू, तोवर चालेल तशीच. ते एकदम तडकले. “तिचं काय काम आहे? इंजन थे खोलते का?” जे माहीत होतं ते माहीत नसल्यासारखं करून मी टायरवर बसले.

त्यांनी सगळं नेहमीसारखंच केलं. नट बोटानं बसवलं, इंजिन गरम केलं, पेचकस दातांत धरला. डोळे उघडून दाराकडे पाहिलं. खोकं. पुन्हा फिरवलं, पुन्हा पाहिलं. मग बराच वेळ ते तसेच बसून राहिले, हातात पाना, आणि मग झाकण लावून टाकलं. आवाज मलाही बरा वाटला.

मेळाव्याच्या दिवशी मैदानात मांडव होता आणि गाड्या ओळीनं चकचकीत उभ्या होत्या. माझी धूळ लागू नये म्हणून टेम्पोतून आणली होती. मिस्त्रींना खुर्ची दिली होती. शेजारी सोनाबाईंसाठीही एक ठेवली होती, ती रिकामी. शाल घातली, टाळ्या झाल्या. मिस्त्रींनी रेल्वेचं आणि विमानाचं ते वाक्य टाकलं, लोक पोट धरून हसले. मग कोणीतरी म्हणालं, आता मिस्त्रींच्या हातचं इंजिन ऐकू. मी किक मारली. पहिल्या किकला सुरू झालं. मिस्त्री खुर्चीवरून उठून आले, टाकीवर तळहात ठेवला आणि सगळ्यांकडे पाहत उभे राहिले.

इंजिन गरम झालं तसा आतून एक टकटक आवाज येऊ लागला. आधी बारीक. मग मोठा. मग डब्यात खिळे घालून हलवावे तशी खडखड. तिथे जमलेले सगळे या गाड्यांतले किडे. आवाज काय आहे ते प्रत्येकाला कळलं. कोणी खाली पाहिलं, कोणी शेजाऱ्याकडे. एकानं नकळत कानावर हात नेला आणि पटकन खाली घेतला. कोणीही बोलत नव्हतं, कारण मिस्त्रींचं इंजिन सुरू असताना बोलायचं नसतं.

आणि मिस्त्री हसत होते. शाल सावरत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, “ऐका. कसं बोलून राह्यलं.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी पुढे होऊन इंजिन बंद केलं आणि पेट्रोल संपलं असं काहीतरी पुटपुटले. पण तोवर त्यांनी लोकांचे चेहरे पाहिले होते. एकेक चेहरा. मग त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात हवेतच किंचित वळला, पाना पिळल्यासारखा, आणि तिथेच थांबला. काय राहिलं ते त्यांच्या हाताला आठवलं होतं. सूप पाखडलं गेलं की नट आवळायचं, वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी सूप नव्हतं, आणि हाताला खूण मिळालीच नव्हती.

त्यांनी शाल काढली, घडी केली, माझ्या गाडीच्या सीटवर ठेवली आणि मांडवातून चालत बाहेर पडले. आयोजकांपैकी एक तरुण मागून ‘मिस्त्री, मिस्त्री’ करत धावला. ते वळले नाहीत. त्या वेळी ती हाक त्यांना ऐकू न आल्याचं मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते महागावला माझ्या दारात हजर. सोबत सोनाबाई. मांडवातून तसेच नेर गाठून, लेकीला तिच्या जावेच्या भरवशावर सोपवून, बायकोला घेऊन आले होते. सोनाबाई माझ्याकडे पाहतच नव्हत्या. जणू चूक त्यांचीच, नातू व्हायला नेमका हाच आठवडा निवडल्याची. अंगणात शेजारपाजारचे चार लोक जमले होते, त्यातले दोघे मेळाव्यात होते. मिस्त्रींनी गाडीपुढे बैठक मारली, झाकण उघडलं आणि मला म्हणाले, घरात सूप असेल तर द्या. मी आणून दिलं. ते त्यांनी सोनाबाईंच्या हातात दिलं, सगळ्यांसमोर. रिकामं सूप.

इंजिन सुरू झालं. दातांत पेचकस धरला नाही त्यांनी. सरळ बायकोच्या हातांकडे पाहत बसले. सोनाबाईंचे डोळे वाहत होते, पण कान कामात होते. शेवटी त्यांनी ते रिकामं सूप हवेत पाखडलं. मिस्त्रींनी नटाला पीळ दिला आणि झाकण लावलं. शेजारचे लोक आपापल्या घरी गेले.

मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. ओट्यावर बसून चिंधीनं हात पुसत राहिले. मग आपणहूनच सांगू लागले. पोरवयात ते यवतमाळला एका उस्तादाकडे काम शिकले होते. उतारवयात त्या उस्तादाचे कान गेले. “मी गिऱ्हाइकायसमोर म्हणलो, बहिऱ्याजवळ इंजन कायले देता, माह्याजवळ द्या. थो तिथंच उभा होता. हसून राह्यला होता. मले वाटलं, त्याले कायचं ऐकू जाते.” हातातली चिंधी पुन्हा पुन्हा त्याच बोटावरून फिरत होती. “ऐकू नाही आलं तरी समजते, बाई. लोकायचे तोंडं पाहून समजते. काल समजलं मले.”

मी म्हटलं, असू द्या मिस्त्री. त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्यानंतर शेड उघडली नाही. लोक गाड्या घेऊन जायचे, कडुलिंबाखाली उभे राहायचे आणि परत यायचे. मेळाव्यातली मंडळी दोनदा जाऊन आली. सोनाबाई त्यांना पाणी देत आणि मिस्त्री शेतावर गेलेत असं सांगत. मीही एकदा गेले होते, शाल परत द्यायला. ती सोनाबाईंनी घेतली, मिस्त्री बाहेर आले नाहीत. आत खाट करकरलेली मला ऐकू आली.

मागच्या हिवाळ्यात मी बुलेटवरून पुसदला चालले होते. दुकानाचा माल पाहायचा होता. तांडा ओलांडला तर पुढे रस्त्याच्या कडेनं दोघं चाललेली दिसली. मिस्त्री पुढे, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या सोनाबाई मागे. माझी गाडी मागून येत होती. तिचा आवाज लांबूनच सोनाबाईंना कळला आणि त्या वळल्या. मी वेग कमी केला. त्यांनी मिस्त्रींच्या कोपराला हात लावला, काही तरी बोलल्या असाव्यात. मिस्त्री थांबले, पण मागे वळले नाहीत. कोण आलंय ते त्यांना कळलं होतं. पाठ तशीच ताठ.

मी गाडी बंद केली नाही. बंद केली असती तर बोलावं लागलं असतं. इंजिन संथ चालू ठेवून मी त्यांच्या मागे काही अंतरावर थांबले. सोनाबाईंनी थोडा वेळ कान दिला. मग गाठोडं खाली ठेवलं, वळसा घालून मिस्त्रींच्या समोर गेल्या, आणि रिकामे दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरून हवेत सूप पाखडलं.

मिस्त्रींनी मान हलवली आणि पुढे चालू लागले.